विसाव्या प्लेटची सुई

मंगळवारी सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी लेव्हलकाका नववी प्लेट ओतत होते. डाव्या हाताच्या दोन बोटांनी झाकण तिरकं उचलायचं, उजव्या हातातल्या बाटलीतून गरम, फिकट पिवळा द्राव आत सोडायचा, झाकण ठेवायचं आणि पुढे सरकायचं. एका प्लेटला सात सेकंद लागतात. या वेळात कोणी हाक मारली तरी ते ओ देत नाहीत.

समोरच्या दगडी टेबलावर एक पितळी लेव्हलपट्टी पडलेली असते. तिच्यातला बुडबुडा दोन रेघांच्या मधोमध आल्याशिवाय काका बाटलीचं बूच काढत नाहीत. ही पट्टी त्यांच्या आधीच्या धंद्यातली. एकवीस वर्षं त्यांनी फरशा बसवल्या. आता ते एका मोठ्या रुग्णालयाच्या मागच्या इमारतीत, धुलाई विभागाच्या वरच्या मजल्यावर, जंतूंच्या प्रयोगशाळेत प्लेटी ओततात. वय चोपन्न. उजवा गुडघा अर्धाच वाकतो.

द्रावाचं नाव अगार. थंड झाला की तो खरवसासारखा घट्ट बसतो. त्यावर जंतू पसरतात, मग औषध मुरवून वाळवलेली कागदाची चकती ठेवतात आणि प्लेट एक रात्र पस्तीस अंशांच्या कपाटात जाते. औषध चालत असेल तर चकतीभोवती जंतू उगवत नाहीत, तिथे स्वच्छ गोल वर्तुळ दिसतं. चालत नसेल तर जंतू चकतीला खेटून उगवतात. वर्तुळ पट्टीने मोजायचं आणि मिलिमीटर वहीत लिहायचे. रोग्याला कोणतं औषध द्यायचं हे त्या आकड्यावरून ठरतं. म्हणून अगारचा थर सगळीकडे सारखा आणि चार मिलिमीटर जाड हवा. थर पातळ झाला तर औषध आडवं लांबवर पसरतं, वर्तुळ मोठं दिसतं आणि औषध आहे त्याहून जोरदार वाटतं.

हे काकांना कोणी पुस्तकातून शिकवलेलं नाही. ते म्हणतात, “माल तेवढाच आणि खोली मोठी, तर थर पातळ बसणार. यात शिकायचं काय?”

प्रयोगशाळेत ते कसे आले, हे तिथल्या प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला पहिल्या आठवड्यात सांगितलं जातं. सात वर्षांपूर्वी एका जिन्याच्या कामावर फरशीची कपची त्यांच्या गुडघ्यात घुसली. त्यांनी ती चिमट्याने काढली, फडकं बांधलं आणि संध्याकाळपर्यंत जिना पुरा केला. पाचव्या दिवशी गुडघा नारळाएवढा झाला. रुग्णालयात एक औषध दिलं, ताप उतरला नाही. दुसरं दिलं, तिसरं दिलं. शल्यचिकित्सकांनी त्यांच्या बायकोला बाहेर बोलावून सांगितलं की पाय मांडीपासून काढावा लागेल, मन तयार ठेवा.

त्याच वेळी जखमेतला पू या प्रयोगशाळेत आला होता. प्रयोगशाळेच्या प्रमुख, ज्यांना सगळे मोठ्या मॅडम म्हणतात, त्यांनी त्यातल्या जंतूवर अकरा औषधं लावली. दहा चकत्यांना जंतू खेटून उगवले. अकरावीभोवती वर्तुळ होतं. एवढ्यावर औषध सुरू करता आलं असतं. मॅडमनी तपासणी पुन्हा लावली आणि एक दिवस जास्त घेतला. तो दिवस काकांच्या बायकोने वॉर्डाबाहेरच्या बाकावर काढला. त्याबद्दल तिने मॅडमना बरंच काही सुनावलं होतं, असं ती स्वतःच सांगते.

“मी म्हटलं, बाई, तुमचं काय जातंय, पाय आमचा आहे. त्या म्हणाल्या, म्हणूनच.”

दुसऱ्या दिवशी तेच वर्तुळ आलं, औषध सुरू झालं आणि पाय राहिला.

आठ महिन्यांनी काका काठी टेकत आभार मानायला वर आले. मॅडमनी खुर्ची दिली. ते बसले नाहीत. टेबलाकडे बघत राहिले. मग म्हणाले, “मॅडम, तुमचं टेबल उताराला आहे.”

“माहीत आहे,” मॅडम म्हणाल्या. “दुरुस्तीचा अर्ज दोन वर्षं पडून आहे. म्हणून तर तुमची तपासणी दुसऱ्यांदा लावताना ती चकती जाड थराच्या बाजूला ठेवून घेतली होती.”

दुसऱ्या दिवशी काका पट्टी घेऊन आले आणि टेबलाच्या दोन पायांखाली फरशीचे तुकडे बसवून गेले. तिसऱ्या दिवशी ते कसं बसलंय ते बघायला आले. महिन्याभराने ती जागा त्यांची झाली. फरशीला गुडघे टेकावे लागतात, प्लेटी उभ्याने ओतता येतात.

त्यांच्या गुडघ्यातला जंतू आजही तिथेच आहे. उणे ऐंशी अंशांच्या फ्रीजरमध्ये सतरा नंबरच्या कुपीत. इतका हट्टी जंतू सहज मिळत नाही, म्हणून नवीन काही तपासायचं तर पहिल्यांदा सतरा नंबरवर. दर पंधरवड्याला काका स्वतः त्याला ताज्या अगारवर उगवायला घालतात. बायको त्याला सवत म्हणते. संध्याकाळी दार उघडताना तिचा प्रश्न ठरलेला असतो.

“कशी आहे सवत?”

“थंडीत आहे.”

“राहू दे तिथेच. घरी आणू नका.”

सतरा नंबरवर सध्या झाडपाल्याचे अर्क तपासले जातात. हे काम पीएचडी करणाऱ्या एका अठ्ठावीस वर्षांच्या मुलीचं आहे. ती कायम कसली तरी पानं वाळत घालत असते म्हणून तिला सगळे पालेवाली म्हणतात, आणि तीही फोनवर स्वतःची ओळख तशीच करून देते. जुन्या वैद्यकग्रंथांत जखमेवर सांगितलेल्या बेचाळीस वनस्पतींची यादी तिने केली. पानं सावलीत वाळवायची, दळायची, मद्यार्कात भिजत घालायची, गाळायची, आटवायची. तळाशी उरलेला काळपट चिकट थेंब म्हणजे अर्क. तीन वर्षांत एकेचाळीस झाडं झाली. एकेचाळीस वेळा जंतू चकतीला खेटून उगवले. त्यातली काही पानं चार दिवसांचा प्रवास करून आणलेली होती.

बेचाळिसावं झुडूप धुलाई विभागाच्या मागच्या भिंतीला लागूनच वाढतं. रोज त्यावर कोणीतरी ओली फडकी टाकतं. त्याचं नाव, काम छापून येईपर्यंत सांगू नये अशी प्रयोगशाळेची विनंती आहे. बारा दिवसांपूर्वी त्या झुडपाच्या अर्काभोवती सतरा नंबरने सोळा मिलिमीटरचं वर्तुळ सोडलं. पालेवालीने पुन्हा लावलं, सोळा. तिसऱ्यांदा लावलं, सोळा. पुढच्या टप्प्यात, म्हणजे प्राण्यांवरच्या चाचणीत जायचं तर रुग्णालयाच्या संशोधन समितीची अट किमान पंधरा मिलिमीटरची होती. समितीची बैठक गुरुवारी अकराला होती.

पालेवाली त्या दिवशी टेबलाला टेकून तिन्ही आकडे पुन्हा पुन्हा वाचत होती. मग तिने आईला फोन लावला, आणि आई काय म्हणाली ते काकांना सांगितलं: “आता तरी केस विंचरून फिर.”

मंगळवारी तिला गुरुवारच्या तक्त्यासाठी शेवटच्या एकोणीस प्लेटी हव्या होत्या. पाचशे मिलिलिटरच्या बाटलीतून वीस होतात. एक उरली.

इथे काकांची एक जुनी रीत सांगायला हवी. ओतलेल्या प्रत्येक खेपेतली शेवटची प्लेट ते वापरायला देत नसत. अगार घट्ट झाला की तिच्यात एक सुई खुपसायची. सुईवर चार मिलिमीटरवर बारीक खूण केलेली आहे. मध्ये एकदा, कडेला दोनदा. खूण पृष्ठभागाला टेकली तर खेप बरोबर. प्लेट मात्र वाया जाते. ही रीत त्यांनी स्वतःच पाडली होती. फरशीच्या कामातही ते कोपऱ्यातला माल उकरून थर बघत. पाच आठवड्यांपूर्वी पालेवालीला प्रत्येक तपासणी तीन-तीन प्लेटींवर लावायची होती आणि तिला नेहमी एक प्लेट कमी पडे. काकांनी विसावी प्लेट तिला द्यायला सुरुवात केली. तिने मागितली नव्हती. त्यांनी कोणाला विचारलंही नव्हतं. “हात बसलाय म्हटलं,” ते सांगतात. “पोरगी तीन वर्षं घासतेय, एक प्लेट काय मोठी.”

मंगळवारी उरलेल्या प्लेटीत त्यांनी सवयीने सुई घातली. खूण वर राहिली. थर तीनच्या थोडा पुढे होता. त्यांनी कडेला घातली, तेच. दुसऱ्या कडेला, तेच. म्हणजे टेबल सरळ होतं, थर सरळ होता, पण सगळीकडे सारखा पातळ होता.

त्यांनी रिकामी बाटली पुन्हा पाचशेच्या खुणेपर्यंत पाण्याने भरून मापात ओतून पाहिली. माप बरोबर होतं. मग खालच्या कपाटातून जुन्या खोक्यातली एक रिकामी डिश काढली आणि नव्या डिशवर ठेवली. जुनी डिश नवीच्या आत अलगद बसली. दोन आठवड्यांपूर्वी नवीन खोकी आली होती. जुनी डिश नव्वद मिलिमीटर रुंद, नवी शंभर. खोक्यावर तसं छापलेलंही होतं, बाजूच्या पट्टीवर. वीस प्लेटी पूर्वीही व्हायच्या, आताही होत होत्या, त्यामुळे हाताला काही वेगळं लागलं नाही. बेचाळिसाव्या अर्काच्या तिन्ही तपासण्या नव्या खोक्यातल्या प्लेटींवर झाल्या होत्या. तिन्ही वेळा सोळा येणारच होते.

पस्तीस अंशांच्या कपाटाच्या दाराला एक वही टांगलेली असते. प्रत्येक खेपेबरोबर एका साध्या, माहितीतल्या जंतूवर एक माहितीतलं औषध लावतात आणि त्याचं वर्तुळ त्या वहीत लिहितात, सगळं नीट चाललंय ना ते कळावं म्हणून. अठरा ते चोवीस एवढी त्याला मुभा आहे. काकांनी बोट ठेवून आकडे वाचले. वर्षभर वीस, एकवीस, वीस. दोन आठवड्यांपासून तेवीस, तेवीस, चोवीस. मुभेबाहेर एकही नव्हता, म्हणून कोणी थांबलं नव्हतं.

“औषध तेच, जंतू तोच,” काका म्हणतात. “त्याला मध्येच जोर कुठून येईल?”

साडेसात वाजले होते. पालेवाली पावणेनऊला येते. सव्वा तास ते स्टुलावर बसून होते. त्या वेळात काय विचार केला असं विचारल्यावर त्यांनी सांगितलं की प्लेट फेकून द्यावी असं दोनदा मनात आलं. आज सुई घातली हे कोणाला माहीत नव्हतं. वहीत सगळं मुभेत होतं.

पावणेनऊला ती आली. केस विंचरलेले होते.

“काका, आज चेहरा असा का? घरी वाजलंय का काही?”

“ताई, बसा आधी.”

“मी बसत नाही, मला तक्ता पुरा करायचाय. बोला.”

काकांनी दोन डिश एकमेकीत ठेवून तिच्यापुढे सरकवल्या. मग सुई दाखवली. मग वही. तिला समजायला अर्धं मिनिटही लागलं नाही. तिने वहीतला शेवटचा आकडा पुन्हा वाचला.

“चोवीस मुभेत आहे ना?” ती म्हणाली.

“मुभेत आहे.”

“मग?”

“मग काही नाही. मी सांगितलं.”

“तुम्ही कधीपासून सुई घालत नाही?”

“पाच आठवडे.”

“का?”

काकांनी विसावी प्लेट तिच्यापुढे ठेवली. तिने स्वतःच हिशेब केला असावा, कारण तिचा आवाज खाली आला.

“माझ्यासाठी?”

“चूक माझी आहे, ताई. प्लेट तुम्ही मागितली नव्हती.”

“परवा बैठक आहे, काका. तीन वर्षांत एक आकडा मिळालाय मला. एक.”

“मला माहीत आहे.”

“नाही माहीत तुम्हाला.” मग ती स्टुलावर बसली. “मॅडमना सांगितलंत?”

“नाही. आकडा तुमचा आहे. सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा. माझी सुई मी सांगेन, ती माझी आहे.”

ती डिशकडे बघत होती. काका पुढे जे बोलले ते तिने नंतर आपल्या कामाच्या वहीत लिहून ठेवलं आहे, तारखेसकट. “माझ्या वेळी टेबल वाकडं होतं. मॅडमना माहीत होतं, म्हणून त्यांनी दोनदा लावलं. एक दिवस गेला. बायको बाहेर रडत होती. घाई केली असती तर कोणी त्यांना बोललं नसतं. मी आज दोन पायांवर उभा आहे तो त्या एका दिवसामुळे.”

पालेवाली उठली आणि मॅडमच्या खोलीत गेली. काका मागोमाग गेले.

मोठ्या मॅडमनी दोघांचंही ऐकून घेतलं. आवाज चढवायची त्यांना सवय नाही. त्या चष्मा काढतात, तेवढ्यावर समोरच्याने समजायचं.

“सुई कोणाच्या परवानगीने बंद केलीत?”

“माझ्याच, मॅडम.”

“मी दिली नसती.”

“म्हणूनच विचारलं नाही.”

मॅडमनी चष्मा परत लावला. “शंभरच्या डिशला किती लागेल?”

“सव्वाएकतीस मिली. पाचशेत सोळा होतील.”

“मग ओता. इथे का उभे आहात?”

बारा वाजता सोळा प्लेटी ओतून झाल्या. काकांनी या वेळी प्रत्येक प्लेट मापून ओतली. सोळाव्या प्लेटीत सुई घातली, खूण टेकली. दोन वाजता पालेवालीने सतरा नंबर पसरला, चकत्या ठेवल्या. एक अर्काची, एक निव्वळ मद्यार्क लावून वाळवलेली, म्हणजे वर्तुळ मद्यार्काचं नाही हे कळावं. वेगळ्या प्लेटीवर वहीतला साधा जंतू पसरून त्यावर ओळखीच्या औषधाची. कपाटाचं दार लावताना ती म्हणाली, “काका, शून्य आलं तर मी शिलाईचा क्लास लावणार आहे.”

“लावा. आमच्या हिच्याकडे मशीन पडून आहे.”

त्या संध्याकाळी दार उघडताना बायकोने सवतीबद्दल विचारलं. काका म्हणाले, “आज तिची परीक्षा आहे.” मग त्यांनी सगळं सांगितलं. बायको भांडी घासता घासता ऐकत होती.

“म्हणजे त्या पोरीचं नुकसान केलंत.”

“अजून माहीत नाही.”

“आधी प्लेट देऊन केलंत, का आता सांगून?”

“आधी देऊन.”

“एवढं कळतंय तर झोपा आता,” ती म्हणाली, आणि त्यांच्या गुडघ्यावर शेकायची पिशवी आणून ठेवली. मॅडमना एकदा सुनावलं होतं त्याची चुटपुट तिला अजून आहे. त्यांच्या टेबलाशी हेळसांड झालेली तिला चालत नाही.

बुधवारी सकाळी आठला पालेवालीने प्लेटी बाहेर काढल्या. मद्यार्काची चकती: शून्य. ओळखीचं औषध: वीस. बेचाळिसावा अर्क: तेरा, तेरा, बारा.

तिने पट्टी काकांच्या हातात दिली. “तुम्ही मोजा.”

काकांनी मोजलं. तेरा, तेरा, बारा.

गुरुवारी अकराच्या बैठकीत तिने दोन्ही तक्ते दाखवले आणि पहिला का चुकला ते चार वाक्यांत सांगितलं. समितीतल्या एकाने विचारलं, की पहिला आकडा खोडून नुसता दुसरा का नाही आणला. ती म्हणाली, चूक कशी सापडली तेही कामाचंच आहे. अर्क पुढच्या टप्प्यात गेला नाही. पण यादीतून बाहेरही पडला नाही. मोठ्या मॅडमनी समितीपुढे मांडलं की एकेचाळीस झाडांनी ज्याला हलवलं नाही त्या जंतूला तेरा मिलिमीटरचं वर्तुळ सोडून मागे सरकावं लागलंय. अर्कात शंभर पदार्थ असतील, त्यातला एखादाच काम करत असेल आणि बाकीचे त्याला पातळ करत असतील. ते वेगळे करून एकेक तपासायला समितीने सहा महिने दिले.

प्राण्यांवरच्या चाचणीचा एक फेरा त्यामुळे टळला. खरं तर तो पातळ थरावरच उभा राहणार होता आणि वर्षभराने तिथेच बसला असता. पालेवाली हे दुपारी चहा घेताना मोठ्याने बोलून दाखवत होती, स्वतःलाच समजावत असल्यासारखी. मग कप ठेवून म्हणाली, “काका, थँक्यू म्हणायला मला अजून दोन दिवस लागतील. आज राग आहे.”

“सावकाश म्हणा. मलाही आठ महिने लागले होते.”

ती हसली. त्या आठवड्यात पहिल्यांदा, असं काकांचं म्हणणं.

चार वाजता मॅडमनी कपाटाच्या दाराची वही मागवली. तिच्यात त्यांनी पट्टीने एक नवीन उभा रकाना आखला आणि वर लिहिलं: थर, मिलिमीटर. त्याच्या शेजारी आणखी एक, सहीचा. त्या वहीत आजवर फक्त शिकलेल्या लोकांच्या सह्या होत्या. मॅडमनी पेन काकांपुढे धरलं.

“मंगळवारची दुपारची खेप. थर किती?”

“चार.”

“लिहा. आणि सही करा.”

काकांनी हात पुसले. सही करायला त्यांना एका प्लेटीपेक्षा जास्त वेळ लागला. नंतर ते टेबलापाशी गेले आणि लेव्हलपट्टी उगाचच एकदा ठेवून बघितली. बुडबुडा मधोमध होता.

घरी बायकोने ऐकलं आणि म्हणाली, “सवतीच्या वहीत सही करून आलात तर.” मग थोड्या वेळाने, पाठमोरी असताना, “मॅडमना माझा नमस्कार सांगा.”

उद्या शुक्रवार. सहा चाळीसला पाचशेची बाटली उघडेल आणि शंभरच्या डिशमध्ये सोळा प्लेटी ओतल्या जातील. वापरायला पंधरा मिळतील.